सोसणाऱ्या बाईचा पिच्चर

दौंडच्या फलाटावर आम्ही भर दुपारच्या उन्हात उभे होतो. दोन पत्र्याच्या पेट्या, गॅसची शेगडी, गाद्यांची वळकटी आणि माझ्या कडेवर माझी मुलगी प्राजू. आमच्या ह्यांच्या कंपनीनं रांजणगावची एक अख्खी लाइन उचलून उत्तराखंडात रुद्रपूरला नेली होती आणि मशिनींच्या मागोमाग माणसांनाही बोलावलं होतं. जो येणार नाही त्याला काम नाही, असं कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं. पण सगळ्यांना कळलं होतं.

आई आणि आबा केंदूरहून सोडायला आले होते. आबांनी घोंगडं आणलं होतं. ‘तिकडं थंडी लई असती म्हनं,’ एवढंच बोलून त्यांनी ते पेटीवर ठेवलं आणि रुळांकडं बघत उभे राहिले. आईनं दशम्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं, प्राजूला तीट लावली आणि गाडी लांबून दिसायला लागल्यावर एकदम मला म्हणाली, ‘तिकडं टीव्हीवर आपलं मराठी पिच्चर लागत्यात का गं?’

हे हसले. शेजारच्या बाकावरची एक बाईही हसली. पोरगी मुलुख सोडून चाललीय आणि हिला पिच्चरचं पडलंय. आबा हसले नाहीत. मी म्हणाले, ‘लागत असतील.’

‘मग बरं,’ आई म्हणाली.

गाडी दिल्लीकडची होती. मनमाड मागं पडलं तरी मी गाठोडं सोडलं नव्हतं. आई कुठल्या पिच्चरबद्दल विचारत होती ते मला माहीत होतं. केंदूरच्या बायांनो, तुमच्यातल्याही काही जणींना माहीत आहे, कारण त्या दिवशी त्या टेंपोत तुम्ही होतात. आणि आमच्यासारख्या ज्या कोणी घर सोडून लांब कुठंतरी भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांच्यासाठी मला कुसुमपासून सांगायला लागेल.

कुसुम माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, वर्षातले कितीतरी महिने ते वाड्यावर असायचे, म्हणजे कळपाबरोबर रानोमाळ. आबांनी ते सोडलं, ज्वारी आणि कांदा करायला लागले, दारात नावाला चार मेंढ्या राहिल्या. आमच्या लहानपणी जत्रेला व्हिडिओ यायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रंगीत टीव्ही मांडायचे, मागं जनरेटर धडधडायचा आणि अख्खं गाव धुळीत पोती अंथरून बसायचं. बाकीचे पिच्चर बघायचे. कुसुम पिच्चरशी भांडायची.

‘एवढा मार खाल्ला आन् भांग इस्कटंना ह्याचा,’ असं ती हिरोबद्दल म्हणायची. नागिणीच्या पिच्चरमध्ये नागीण बाईचं रूप घेऊन सूड घ्यायला येते, तेव्हा सगळ्या बाया हात जोडायच्या. कुसुमला तेव्हा हसू फुटायचं. ‘दागिने कुठनं आणले गं हिनं? वारुळात सोनार हुता का?’ भक्तीच्या पिच्चरवर तर तिचा फार राग. शेवटी देव येतो, आंधळीला डोळे देतो, मेलेलं पोर उठवतो. कुसुम म्हणायची, ‘त्यो शेवटालाच का येतो? आदुगर आला असता तर म्हातारी तरी वाचली असती.’ आई तिच्या पाठीत धपका घालायची. आबांना मात्र तिचं बोलणं आवडायचं. पुरुष साडी नेसून घोटाळे करतात असले विनोदी पिच्चर आबांच्या आवडीचे. ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे आणि पिच्चर संपला की विचारायचे, ‘कुसे, कसा हुता?’ तिनं बरा म्हटलं की मगच तो बरा.

मी नववीत असताना कुसुमचं लग्न झालं. भांडगावच्या पुढं, हायवेपासून आत त्यांची वस्ती. नवरा ट्रकवर होता. जमीन होती, विहीर होती, विहिरीवर मोटार होती. आमच्याकडच्या लोकांनी तेवढं बघितलं. पहिल्या वर्षी तो तिला दौंडच्या टॉकीजला घेऊन जायचा. माहेरी आली की ती मला सगळे पिच्चर पहिल्यापासून सांगायची, व्हिलनच्या आईच्या साडीच्या रंगासकट. पुढं दिवाळीला आली तेव्हा मी विचारलं, ‘आता कुठला बघितला?’ ती म्हणाली, ‘बघितला एक. आठवत न्हाई.’ मी तेव्हा लहान होते, तरी मला ते खटकलं. कुसुमला पिच्चर आठवत नाही?

संक्रांतीनंतर ती एकटीच आली. एसटीतून उतरली तेव्हा डाव्या हाताला प्लास्टर होतं. कुणी विचारायच्या आत म्हणाली, ‘मी परत जाणार न्हाई.’

आबा ओट्यावर बसले होते. ते उठून मेंढ्यांकडं गेले. आईनं चूल पेटवून तिच्यासाठी शिरा केला. त्या रात्री ती माझ्याशेजारी झोपली, प्लास्टरचा हात माझ्या अंगावर ठेवून. तो जड होता. 

त्याच दिवसांत शिरूरला तो पिच्चर लागला. त्या वर्षांत तसले बरेच निघाले होते. नावं वेगळी, बाई तीच. सासू चिमट्यानं डागते, नणंद जेवणात मीठ कालवते, नवरा दारू पिऊन पट्ट्यानं मारतो, आणि बाई तुळशीपुढं उभी राहून त्याच्याच आयुष्यासाठी दिवा लावते. ह्याच्यात शेवटी नवऱ्याचं अंग लुळं पडतं. सगळे सोडून जातात. बाई त्याचं हगणं-मुतणं काढते, घास भरवते, आणि एक दिवस तो उठून उभा राहतो आणि तिच्या पाया पडतो. सासूही पडते. बाई हसते. पिच्चर संपतो.

गावातल्या बाया टेंपो ठरवून निघाल्या. आई म्हणाली, ‘चला, कुसुमचं मन रमंल.’ मला वाटतं तिला खरंच तसं वाटलं होतं. टॉकीजमध्ये जागा नव्हती, बाया पायऱ्यांवर बसल्या होत्या. पट्टा पहिल्यांदा निघाला आणि अख्ख्या टॉकीजमधून एकच हुंदका आला. माझ्या उजव्या हाताला आई पदर तोंडात कोंबून रडत होती. डाव्या हाताला कुसुम. ती प्लास्टर मांडीवर ठेवून सरळ पडद्याकडं बघत होती.  आयुष्यात पहिल्यांदा कुसुम पिच्चरभर गप्प बसली.

येताना टेंपोत सगळ्यांची तोंडं सुजली होती, पण सगळ्या खूश होत्या. चांगलं रडून झालं की वाटतं तसं. एक थोरली बाई, नात्यानं आमची चुलती, कुसुमच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, ‘बघितलंस न्हवं पोरी? बाईनं सोसलं म्हंजी बापयाला कवातरी कळतंय.’

‘व्हय,’ दुसरी म्हणाली. ‘दगडालासुद्धा पाझर फुटतो.’

आई म्हणाली, ‘चार दिस दम धर कुसुमे. सुधरंल त्यो. माणूस हाय, सुधरतं.’

कुसुमनं आईकडं बघितलं. म्हणाली, ‘त्यो सुधारला कारन पिच्चर संपायचा हुता. आमच्याकडं संपत न्हाई, आये.’

 चुलती म्हणाली, ‘लई बोलायची सवय हाय तिला पहिल्यापासनं.’ आणि बाया पुन्हा त्या हिरॉइनच्या साड्यांबद्दल बोलायला लागल्या.

महिन्याभरात सासरची माणसं आली. सासरा आणि थोरला दीर. नवरा आला नव्हता. आबांनी त्यांना सतरंजी टाकली, मामांना बोलावून घेतलं. सासरा सभ्य माणसासारखा बोलला. पोराचं चुकलं, म्हणाला. रागाच्या भरात झालं, म्हणाला. मामा म्हणाले, भांड्याला भांडं लागायचंच. आत चुलीपाशी कुसुम भाकरी थापत होती, एका हातानं, कारण दुसऱ्यात अजून ताकद आली नव्हती. तिला कुणी आत येऊन विचारलं नाही. आबा एकदा दारापर्यंत आले, तिच्याकडं बघितलं आणि परत गेले.

आईनं तिची ओटी भरली. कुसुम उंबऱ्यावर वाकली आणि म्हणाली, ‘जाते.’

‘जाते म्हनू न्हाई गं. येते म्हन,’ आई म्हणाली.

कुसुम ऐकून न ऐकल्यासारखी चपला घालायला लागली. शिक्रापूरच्या एसटीत बसेपर्यंत आई तिच्या मागं तेच म्हणत होती. ‘येते म्हन. एकदा म्हन.’ ती म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी ज्वारीची काढणी चालली असताना निरोप आला. कुसुमचा पाय घसरला, विहिरीत पडली. आम्ही जीपनं गेलो. तिला वर काढून बाजेवर ठेवलं होतं. आईनं तिचे पाय धुतले, नखांतलं शेवाळ काडीनं काढत बसली, कितीतरी वेळ. हवालदार आला, त्यानं विचारलं, तिच्या सासऱ्यानं सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. पाणी शेंदताना तोल गेला. मी त्या विहिरीकडं बघत होते. काठाला रहाट नव्हता. मोटार होती, आणि घराच्या दारात नळ होता. त्या विहिरीवर पाणी शेंदायला वर्षानुवर्षं कुणी गेलं नव्हतं. मी आबांना म्हणाले, ‘आबा, हितं नळ हाय.’ आबा म्हणाले, ‘गप बस.’ त्यांचा आवाज असा होता की मी गप्प बसले. ती पडली, की तिनं उडी मारली, की अजून काही, हे मला आजही माहीत नाही. कुणालाच माहीत करून घ्यायचं नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात कुणी जत्रेच्या व्हिडिओला गेलं नाही. आबा हसायचेच बंद झाले. मग काही वर्षांनी गावात केबल आली, आणि तो पिच्चर टीव्हीवर लागायला लागला. रविवारी दुपारी, सणासुदीला. पहिल्यांदा लागला तेव्हा मला वाटलं आई उठून जाईल. ती पाटावर बसून राहिली. आबा उठून बाहेर गेले. आईनं तो शेवटपर्यंत बघितला. पुन्हा लागला, पुन्हा बघितला. एकदा मी संतापानं टीव्ही बंद केला. म्हणाले, ‘लाज न्हाई वाटत?’ आई उठली, बटण दाबलं आणि परत येऊन बसली.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी एकच प्रश्न विचारणार असं ठरवलं होतं. हे बघायला आले तेव्हा मी विचारलं, ‘तुम्हाला पिच्चर आवडतात का?’ सगळे गोंधळले. हे म्हणाले, ‘मला झोप लागते हो पिच्चरला.’ मला तो माणूस बरा वाटला. आजवर बराच निघाला आहे.

रुद्रपूरला आम्हाला कंपनीपासून जवळ दोन खोल्या मिळाल्या. चाळीत सगळे बाहेरचेच. शेजारी उत्तर प्रदेशातल्या बलियाची सुनीता भाभी, तिचा नवरा ह्यांच्याच लाइनवर. हिवाळ्यात इथं असं धुकं पडतं की दुपारीसुद्धा गल्लीचं टोक दिसत नाही. मी पहिल्या वर्षी हिंदी बोलताना ‘न्हाई’ म्हणायची आणि भाजीवाला हसायचा. आता ‘थैली’, ‘किराया’, ‘कमरा’ माझ्या तोंडात आपोआप येतं, आणि घरी फोनवर बोलताना आई म्हणते, ‘कोन बोलतंय?’

दुपारी सुनीता भाभीकडं सीडी लावून आम्ही बायका पिच्चर बघतो. सगळे बघतो. हाताला लागेल ते. भोजपुरी पिच्चरमध्ये नवरा परदेशी जातो आणि बाई गाणं म्हणत वाट बघते. आमच्या चाळीत नवऱ्याबरोबर परदेशी आलेल्या बायका बसून ते बघतात आणि रडतात, ते मला अजून कळलेलं नाही. दक्षिणेकडचे हिंदीत बोलणारे पिच्चर मला आवडतात, कारण त्यात मारलं की माणूस निदान झाडावर जाऊन पडतो, कुणाला ते खरं वाटत नाही. पोलिसांच्या पिच्चरमध्ये इन्स्पेक्टर नेहमी उशिरा येतो. आमच्याकडचा हवालदार वेळेवर आला होता. एक इंग्रजी पिच्चर बघितला, हिंदीत केलेला, बर्फात एकटा अडकलेल्या माणसाचा. दोन तास तो नुसता चालतो. बाकीच्या बायका कंटाळल्या. मला तो फार आवडला. त्या माणसाला उपदेश करायला आसपास कुणी नव्हतं.

परदेशातून मुलगा घरी येतो त्या पिच्चरवर माझा विश्वास नाही. शेत हिरवंगार, आई आरती घेऊन दारात, अख्खं गाव नाचतंय. मी केंदूरला गेले की थांब्यावरचा नवा पोरगा विचारतो, ‘कुणाच्या हितं?’ भुतांचे पिच्चर भाभीला फार घाबरवतात. ती माझा हात धरून बसते. मला भीती वाटत नाही. मेलेली बाई पांढऱ्या साडीत दारात येऊन उभी राहते आणि घरची माणसं किंचाळत पळतात, हे बघून मला दर वेळी वाटतं, अरे, तिला आत तरी घ्या. माझ्या दारात आली तर मी चहा ठेवीन.

आम्ही इथं आल्याच्या चौथ्या वर्षी आबा गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि आई तांब्या घेऊन येईपर्यंत गेले. दिवस झाल्यावर जमीन चुलतभावांकडं कसायला दिली. आई म्हणत होती मी एकटी राहीन. हे तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘मामी, चला आमच्याकडं.’ सासूला मामी म्हणायची त्यांची पद्धत आहे. लेकीच्या घरी कसं राहायचं म्हणून ती खूप वेळ पदराशी चाळा करत बसली. मग उठून पेटी भरायला लागली.

इथं छपरावर डिश आहे. मराठी चॅनल लागतो. आई आली त्याच थंडीत एका दुपारी तो पिच्चर लागला. बाहेर धुकं, आम्ही दोघीच घरात. आई सुपात तांदूळ घेऊन टीव्हीसमोर बसली. मी आत भांडी लावत होते. पट्ट्याचा आवाज आला. मी बाहेर आले. ह्या वेळी मी टीव्ही बंद केला नाही. तिच्याशेजारी खाली बसले आणि विचारलं, ‘आई, का बघतेस गं हे?’

ती तांदळातून खडे काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मधलं न्हाई बघत मी. मधल्यात तांदूळ निवडते.’

‘मग?’

‘शेवट बघते.’ तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. ‘ह्यात ती वाचती.’

 टीव्हीत सासू ओरडत होती. आई म्हणाली, ‘मीच म्हनले हुते, दम धर. टेंपोत. समद्यांच्या म्होरं. तिनं माज्याकडं बघितलं तवा. तुज्या ध्यानात हाय का?’

‘हाय,’ मी म्हणाले.

‘मला वाटलं, तुज्या ध्यानात नसंल.’

मी सूप माझ्याकडं ओढलं आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायला लागले. शेवट आला तेव्हा तिनं हात थांबवले आणि मान वर केली. नवरा पाया पडला. बाई हसली. आई तिच्याकडं बघत राहिली, नावं सरकून संपेपर्यंत. वाईट पिच्चर आहे तो. खोटा आहे, आणि त्यानं आमच्यासारख्या किती घरांतल्या पोरी परत पाठवल्या असतील, देव जाणे. कुसुमचं मत तेच होतं, माझंही तेच आहे. पण त्या दिवशी मी तो आईबरोबर पूर्ण बघितला.

आता घराबद्दल. केंदूरला मी वर्षातून एकदा जाते. ओट्यावर बसल्याबरोबर येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते, ‘कवा आलीस? किती दिस हाईस?’ मायेनंच विचारतात, माहेरवाशिणीला सगळीकडं विचारतात. मी परतीच्या गाडीची तारीख सांगते आणि त्या मान डोलावतात. प्लास्टर घेऊन आलेल्या कुसुमलाही त्यांनी हेच विचारलं होतं. ती आधी ‘आठ दिस’ म्हणायची. मग ‘बघू’ म्हणायला लागली. मग तिनं आडावर जायचंच सोडलं, मी पाणी आणायची. ‘मी आता हितंच हाय’ हे तिचं उत्तर कुणी ऐकून घेणारं नव्हतं.

परवा आम्ही जेवायला बसलो होतो. प्राजू आता शाळेत जाते, मराठी आणि हिंदी मिसळून बोलते. तिनं सहज विचारलं, ‘आजी, तू कितने दिन राहणार आहेस?’

आईचा घास हातातच राहिला. मी प्राजूवर एकदम ओरडले, ‘असं विचारायचं नाही!’ हे बघायलाच लागले माझ्याकडं. पोरगी घाबरली, डोळे भरले तिचे. तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिला जवळ ओढलं.

‘घर आहे हे,’ मी म्हणाले. ‘घरात कुणाला असं विचारायचं नसतं. आजीला नाही, कुणालाच नाही. उद्या तू मोठी झालीस, कुठून कशीही आलीस, तरी तुला कुणी विचारणार नाही.’

तिला किती कळलं कुणास ठाऊक. तिनं नाक पुसलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘बरं. नाही विचारणार.’ मग उठून आजीच्या ताटाशी जाऊन बसली आणि त्यातलाच भात खायला लागली.